दोन घोडेस्वार

आमच्या देवघरात पाच टाक होते आणि पाचांपैकी एकालाही चेहरा नव्हता.

टाक म्हणजे काय हे ज्यांच्या घरी आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी नाहीत त्यांना सांगून त्यातली गोम कळायची नाही. तरी सांगतो. चांदीचा पातळ पत्रा घ्यायचा, तो मागच्या बाजूने ठोकून ठोकून पुढे देव उठवायचा, देवाच्या पाठीत जो खळगा पडतो त्यात लाख भरायची, वर तांब्याचा पत्रा ठेवून कडा दुमडून टाकायच्या. झाला देव. उंची दोन-अडीच बोटं. मूर्तीसारखा हा उभा राहत नाही, तसबिरीसारखा भिंतीवर चढत नाही. ताम्हणात बिनतक्रार आडवा पडतो आणि गाव सोडायची वेळ आलीच तर रुमालात बांधून कनवटीला लावता येतो. इतका सोयीचा देव दुसरा नाही.

आमचे टाक किती जुने, हे कोणालाच माहीत नाही. आजोबा म्हणत, ‘माझ्या आजोबांच्या वेळचे.’ आजोबांचे आजोबाही हेच म्हणत असणार. तेव्हापासून त्यांना रोज स्नान आणि सणावाराला घासणं चालू आहे. पूर्वी राखेनं, मग चिंचेनं, मधली काही वर्षं रांगोळीनं, आणि वहिनी आल्यापासून टूथपेस्टनं. आता रांगोळी म्हणजे दळलेला दगड, आणि टूथपेस्ट म्हणजे गोड केलेला खडू. शिवाय चांदी काळी पडते म्हणजे काय होतं, तर हवेतल्या गंधकाशी चांदीचीच सलगी होऊन वर थर बसतो. तो घासून काढला की त्याच्याबरोबर तेवढी चांदीही जाते. देव उजळतो तेव्हा तो थोडा कमी होतो. आमच्या घराण्यातल्या पाच-सहा पिढ्यांच्या बायकांनी अत्यंत भक्तिभावानं देवांचे डोळे, नाकं आणि मिशा पुसून काढलेल्या आहेत. ज्या घरात भक्ती कमी, त्या घरातले टाक अजून रेखीव आहेत.

हे आमच्याच घरी झालं अशातला भाग नाही. पंढरपूरच्या विठोबाचे पाय भक्तांच्या हातांनी आणि कपाळांनी झिजले, म्हणून २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी येऊन मूर्तीला रासायनिक लेप दिला. त्याआधीही असे लेप झालेले आहेत. तिकडे रोमला सेंट पीटरच्या चर्चमध्ये संत पीटरचा ब्राँझचा पुतळा आहे, त्याच्या उजव्या पायाची बोटं यात्रेकरूंनी हात लावून लावून आणि मुके घेऊन घेऊन नाहीशी केली. देवाला भक्तांपासून वाचवणं हा प्रश्न एकूण जागतिक आहे.

तर आमचे पाच. दोन देव्या: तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका. एकीला आठ हात होते, ते आता गोमेच्या पायांसारखे दिसतात, ती भवानी. दुसरी रेणुका, कारण ती भवानी नव्हे. तिसरा भैरव. तो पापडासारखा कोरा आहे, पण त्याच्याविषयी वाद नाही, कारण दुसरं कोणी इतकं कोरं नाही. उरले दोन. खरी कथा या दोघांची आहे, कारण दोघंही घोड्यावर बसलेले आहेत.

एक खंडोबा आणि एक वीर. वीर म्हणजे घराण्यातला कोणी पूर्वज, लढाईत किंवा असाच अवेळी गेलेला. त्याचाही टाक करून देवांच्या पंक्तीला बसवायची रीत आहे. आमचे हे वीर कुठल्या लढाईत पडले ते ठाऊक नाही. धाकटे काका म्हणत की ते घोड्यावरून पडले एवढं नक्की. खंडोबाही घोड्यावर, पण त्याच्याबरोबर घोड्यावर म्हाळसा असते, पायाशी कुत्रा असतो आणि घोड्याच्या टापांखाली मणी-मल्ल दैत्य असतात. म्हणजे टाक घडवला तेव्हा लहान पोरानंही ओळखावं इतका फरक होता. तो सगळा फरक आमच्या आज्या-पणज्यांनी घासून टाकला. म्हाळसा घोड्याच्या पाठीत विरून गेली, कुत्रा गेला, दैत्य तर खंडोबापेक्षा टूथपेस्टलाच जास्त घाबरले असावेत. राहिले दोन घोडे आणि त्यांवर दोन फुगवटे.

ओळखायची खूण एकच होती. आई मधे ठेवी तो खंडोबा, आणि उजव्या कडेला ठेवी तो वीर. आईला तिच्या सासूनं तसं दाखवलं होतं.

आई गेली आणि वाटणी निघाली. दादा रिसोडला, मी पुण्याला. शेत आणि घर यांचा निकाल आम्ही अर्ध्या तासात लावला, कारण दोघांनाही आपण किती उदार आहोत हे दाखवायचं होतं. टाकांना आठ दिवस लागले. आमच्याकडे रीत अशी की कुळाचे देव थोरल्याकडे राहतात आणि धाकट्यानं वेगळं बिऱ्हाड केलं की नवे घडवून घ्यायचे. सौ.चं म्हणणं तेच होतं. “पुण्यात हवे तेवढे टाक मिळतात,” ती म्हणाली, “दहा मिनिटांत.” मिळतात, मी पाहून आलो होतो. साच्यात दाबून काढलेले, पतंगाच्या कागदाइतके हलके. दुकानदारानं काचेवर सतरा खंडोबा ओळीनं मांडले. सतराही जणांच्या मिशीचा एकच केस जरा वर गेलेला. मला ते आवडले नाहीत. मी काही पूजा करणारा माणूस नव्हे, सोवळं नेसलेला माझा फोटोसुद्धा मुंजीतला आहे. पण मी पाहिलंय, रोज पूजा करणाऱ्याला कुठलाही देव चालतो. जो कधी हात जोडत नाही त्याला मात्र देव हातानं घडवलेला, जुना आणि वडिलोपार्जित लागतो.

आठव्या दिवशी दादा म्हणाला, “आपल्याले शिरपूर करायचं आहे का?”

आमच्या भागातल्या माणसाला हे एवढं पुरतं. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं देऊळ आमच्याच वाशिम जिल्ह्यात आहे. तिथं दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यातला वाद १९२९ साली थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, पुढे मूर्तीला लेप द्यावा की नाही यावरून पेटत राहिला, आणि १९८१ पासून देवाला कुलूप लागलं ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निघालं. मधली चाळीसेक वर्षं भक्तांनी झरोक्यातून दर्शन घेतलं. त्यात कोणाचं बरोबर हे सांगायची माझी पात्रता नाही. पण पुण्याहून येऊन दादाच्या देवघरात झरोक्यातून पाहतो आहोत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि मी मऊ आलो. ठरलं ते असं: खंडोबा, भैरव आणि दोन्ही देव्या रिसोडला, वीर माझ्याकडे. “पूर्वज आहे तो. तुझंच रक्त आहे,” दादा म्हणाला. जरा दुय्यम माल पदरात पडल्यासारखं वाटलं, पण मी हो म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, वीराच्या कडेला चीर गेली आहे. जाता जाता सोनाराला दाखवा. आणि खंडोबाच्या घोड्याच्या पोटालाही भोक पडलंय, तोही न्या. तुमच्या दादांना सांगून सांगून थकले.”

म्हणून मी दोन्ही स्वार रुमालात बांधून एकटाच बाजारात गेलो.

सोनाराचं दुकान म्हणजे एक फळी, एक ऐरण आणि एक माणूस. मुलाचं दुकान पुढे आहे, काचेचं, थंड हवेचं. तिथं नग विकले जातात. हे गृहस्थ मागे बसतात. पंचाहत्तरीच्या पुढचे असावेत. समोर एका लोखंडी वाटीत राळ, विटेची भुकटी आणि तेल यांचं काळं मिश्रण घट्ट बसलेलं, आणि त्यावर एक चांदीचा पत्रा चिकटवलेला. मी बसलो तेव्हा त्यांचं काम चालू होतं, आणि चालू काम सोडून गिऱ्हाइकाकडे पाहायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे मला पाऊण तास बसून पाहावं लागलं आणि त्या पाऊण तासाबद्दल मी त्या माणसाचा ऋणी आहे.

आधी मला वाटायचं की ठोकणं म्हणजे जोर. तिथं जोर असा नव्हताच. बोथट टोकाचं एक कलम पत्र्यावर टेकवलेलं, आणि त्याच्या डोक्यावर हातोडी पावसाच्या पहिल्या थेंबांसारखी टिपटिपत होती. पत्रा मऊ असतो, राळ खालून थोडी दबते आणि थोडी अडवते, त्यामुळे चांदी फाटत नाही, हळूहळू खाली उतरते. पण मार खाऊन खाऊन चांदी कडक होते. मग ती राळेवरून सोडवायची, विस्तवावर मंद लाल करायची, मऊ झाली की पुन्हा चिकटवायची, पुन्हा मार. असं पाच-सहा वेळा. “घाई केली त फाटते,” ते म्हणाले, आणि हे एकच वाक्य मला उद्देशून होतं की पत्र्याला, ते कळलं नाही. हे सगळं मागच्या बाजूने. म्हणजे घडवणारा देवाकडे पाहतच नाही, तो देवाचा खड्डा पाहत असतो. आणि उजवा हात उठवायचा तर डावीकडे खणावं लागतं. शेवटी पत्रा उलटायचा, आणि मग पुढून बारीक कलमानं डोळे, दागिने, मिशा. खंडोबाचा मूळ आकार ते आजोबांच्या ठशावर घेतात. मी विचारलं, मग मशीनच्या साच्यात आणि ठशात फरक काय? त्यांनी जरा विचार केला. “ठशात देव अर्धाच येते,” ते म्हणाले, “उरेल अर्धा हातानं काढा लागते. म्हनून कोनताच दुसऱ्यासारखा नाई.”

मग त्यांनी माझे टाक हातात घेतले. आधी तळहातावर झेलून पाहिले. आता खोटं कशाला बोला. चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून माझ्याही मनात वजनाचा विचार एकदा येऊन गेला होता. तो त्यांना कसा कळला देव जाणे. “अर्ध्याच्या वर लाखच हाये, भाऊ,” ते म्हणाले, आणि मी उगाच खोकलो.

“बुजवाचं असन त पाठ उघडा लागन,” ते म्हणाले. मी म्हटलं, उघडा. तापवा आणि काढा लाख. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी एखाद्याच्या आजीला भट्टीत घाला म्हणालो असेन. “तापवली त अंदरचा चेहरा इतळून जाईन ना! गारच काढा लागते.” आणि पातळ सुरीनं त्यांनी तांब्याची कड उकलली, उलटी छिन्नी धरून दोन टिचक्या मारल्या. जुनी लाख वाळून ठणठणीत झालेली होती. आळूवडीच्या लोळीसारखी अखंड सुटून त्यांच्या तळहातावर पडली. त्यांनी ती उलटली आणि माझ्यापुढे धरली.

मी हे आधी कधी मनातच आणलं नव्हतं. टाक झिजतो तो पुढून. आतली बाजू बंद असते, तिला ना चिंच लागते ना टूथपेस्ट. आणि लाख भरताना गरम असते, ती खळग्यात जाऊन रेषेरेषेत बसते आणि थिजते. म्हणजे बाहेरच्या देवाचं नाक गेलं तरी आत लाखेचा एक देव, घडवला त्या दिवशी होता तसा बसून असतो. चांदीच्या टाकाच्या पोटात लाखेचा टाक.

पहिला स्वार एकटा होता. टोकदार दाढी, कमरेला शेला, हातात तलवार, आणि चेहऱ्यावर आमच्या धाकट्या काकांचा तो प्रसिद्ध वैताग. कुत्रा नाही, दैत्य नाही, बायको तर नाहीच. दुसरी लाख सुटली, त्यात घोड्यावर दोघं होते. म्हाळसेची नथसुद्धा स्पष्ट. टापांखाली दोन दैत्य आणि खाली कोपऱ्यात शेपूट वर केलेला कुत्रा.

पहिला म्हणजे आई मधे ठेवायची तो. दुसरा म्हणजे कडेचा, माझ्या वाटणीला आलेला.

सोनार काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही तांब्याच्या पाठी पुन्हा पाहिल्या आणि एका दुमडीवरून नख फिरवलं. “एक सांगतो भाऊ. ही कड पयलेही एकदा उघडेल हाये. दोन घड्या दिसते पाहा. माह्या हातची नाई, बाबाच्या हातची असन.” आणि लगेच म्हणाले, “मी कोनाले सांगत नसतो. आमच्या धंद्यात बोलनं शिकवतच नाईत.”

भोक बुजवून, लाख होती तशी बसवून, कडा दाबून त्यांनी दोन्ही टाक परत दिले. रुमालाची गाठ मारताना माझ्या मनात पहिली भावना आली ती सांगतो, म्हणजे माझ्याविषयी गैरसमज राहायला नको. मला आनंद झाला. खंडोबा माझ्याकडे! कायदेशीर, रीतसर, थोरल्या भावाच्या संमतीनं! बाजाराच्या वळणापर्यंत तो आनंद टिकला. तिथं मला दादा आठवला. गेली चाळीस वर्षं दर रविवारी उपास करून, घोड्यावर न चढलेल्या माणसाच्याही पाठीला कळ लागावी इतका वेळ बसून, तो खापरपणजोबांची पूजा करत आला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटा तीन दिसत होत्या आणि तिन्ही वाईट. एक, दादाला सांगायचं. खरं बोलावं हे तर आम्हाला दादानंच शाळेत शिकवलेलं. तो मास्तर होता. पण सांगून काय होणार? सत्तरीच्या माणसाला म्हणायचं की तुमचे चाळीस वर्षांचे रविवार भलत्या पत्त्यावर गेले? दोन, काही न बोलता घेऊन जायचं. मग वाटणीत दादाची फसवणूक झाली, आणि ती मला कळल्यावर झाली, म्हणजे ती मीच केली. धर्मराजानं ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटलं तर रथ चार बोटं खाली आला. ‘देवो वा पूर्वजो वा’ म्हणणाऱ्या माझी एस.टी. कुठे रुतेल सांगता येत नव्हतं. तीन, टाक गुपचूप बदलायचे. दादाला खंडोबा हवा, त्याला खरा खंडोबा मिळेल. मला वीर मिळायचा, मला खरा वीर मिळेल. सगळ्यांना ठरलेलं मिळेल आणि कोणालाही कळणार नाही. या तिसऱ्या वाटेत एकच खोट होती. ती चोरीसारखी दिसत होती.

ग्रीकांची एक गोष्ट आहे. थीसियस नावाच्या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळ्या कुजत गेल्या तशा बदलत गेले. पुढे पंडितांत वाद लागला की हे तेच जहाज की दुसरं? प्लूटार्कनं तो वाद नोंदवून ठेवला आहे. मला त्या पंडितांचा हेवा वाटला. त्यांच्याकडे जहाज तरी एकच होतं. तसं पाहिलं तर आमचं रिसोडही १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं आणि मग वाशिम जिल्ह्यात गेलं, पण म्हणून कोणी आपण दुसऱ्या गावात राहतो असं म्हणालं नाही. नाव बदललं तरी वस्तू तीच, हे पटतं. आमच्याकडे वस्तू त्याच होत्या, नावं चुकली होती, आणि चुकलेल्या नावावर शंभर वर्षांचा भंडारा साचला होता.

मग आजीचा पुतळ्यांचा हार आठवला. सोन्याच्या चकत्या, प्रत्येकीवर दोन उभ्या आकृत्या. आजी म्हणे, राम-सीता. मंगळागौरीला ती त्यांना हळदकुंकू वाहायची. पुढे मी कुठेतरी वाचलं की पुतळी हे इकडे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचं नाव. त्या नाण्यावर व्हेनिसचा राज्यप्रमुख संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला असतो. व्यापारात नाणी आली, त्यांचे हार झाले, मग आपल्या सोनारांनी तशाच चकत्या घडवल्या आणि चित्रं आपापल्या मनाची उठवली. म्हणजे इकडच्या कित्येक बायकांनी ख्रिस्ती संताला हळदकुंकू वाहिलेलं असणार. आता, ते पोचलं कुठे? संत मार्कला? त्यानं ते पुढे रामाकडे पाठवलं? की आजीच्या घरात जेवढं सुख होतं तेवढंच त्याचं पोचणं? मला शेवटचं खरं वाटतं, पण मग पुढचा प्रश्न उभा राहतो. कुठलाही पत्ता चालत असेल, तर मला साच्यातले सतरा खंडोबा का चालले नाहीत? तिथं मी कसा हातानं घडवलेल्यासाठी अडून बसलो?

पहाटे याचं एक उत्तर सुचलं, ते पटेल तर घ्या. साच्यातल्या खंडोबाला कोणी अजून घासलेलं नाही. त्याच्यावर घडवणाऱ्याचा हात नाही आणि पुसणारीचाही नाही. आमच्या टाकांवर आतून सोनाराचे घाव आहेत आणि बाहेरून आयांचे अंगठे, आणि मधे एवढीशी चांदी उरली आहे. कोणाचा टाक हे विसरलं गेलं, कारण विसरण्याइतकं कोणीतरी त्याला रोज हातात घेतलं. हे फार मोठं तत्त्वज्ञान नाही. पहाटे चारला यापेक्षा मोठं येत नाही.

पण एवढं होऊनही पाच वाजता मी उठलो आणि देवघरात जाऊन दोन्ही टाकांची अदलाबदल केलीच. मधे खरा खंडोबा, कडेला खरा वीर. म्हटलं, दादाला त्याचं असेल ते मिळो.

सातला दादा पूजेला बसला. मी दारात वर्तमानपत्र घेऊन उभा. तोंडानं पुटपुटणं चालू, डोळे मिटलेले, हात आपोआप चाललेले. भवानी उचलली, धुतली, ठेवली. रेणुका. भैरव. मग मधला उचलला, अंगठा त्यावरून फिरला आणि थांबला. पुटपुटणं थांबलं. डोळे न उघडता दादानं तो टाक बाजूला ठेवला, कडेचा उचलला, त्यावरून अंगठा फिरवला, आणि जरा हसल्यासारखं करून तो मधे ठेवला. पुन्हा पुटपुटणं सुरू झालं. मी वर्तमानपत्र उलटं धरलेलं होतं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आता यावर काय बोलणार! खरा खंडोबा हातात देऊनही ज्याला तो आपला वाटत नाही, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुझा देव देव नाही? आणि अंगठ्याला जे ओळखू येतं ते लाखेनं खोटं ठरतं का? लाख म्हणते, तो पूर्वज. अंगठा म्हणतो, तो खंडोबा. लाखेचं म्हणणं जुनं आहे, अंगठ्याचं रोजचं आहे. कोर्टात गेलं तर लाख जिंकेल, यात शंका नाही. म्हणूनच मी कोर्टात गेलो नाही.

संध्याकाळच्या बसला दादा सोडायला आला. बस लागेपर्यंत आम्ही सोयाबीनच्या भावाविषयी बोललो. मग त्यानं खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. “भंडारा आहे. ठेव.”

“वीराला कशाला भंडारा?” मी विचारलं.

“असू दे,” दादा म्हणाला, “लागला तर असावा घरात.” आणि कंडक्टरला उगाच विचारायला गेला की गाडी पुण्याला किती वाजता पोचते.

मला तेव्हा ती दोनदा घडी पडलेली कड आठवली. सोनाराचे वडील ज्या काळात काम करत, त्या काळात आमच्या घरून टाक घेऊन बाजारात कोण जाई? वडील? आई? की तेव्हा विशी-पंचविशीत असलेला दादा? विचारायचं मनात आलं होतं, पण बस सुटली.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. चातुर्मासापासून बंद असलेलं वांगं त्या दिवशी सुटतं, भरीत-रोडग्याचा नैवेद्य. आमच्या पुण्याच्या घरात रोडगे कोणाला जमत नाहीत, सौ.नं बट्टी करून वेळ भागवली. टाक पाटावर मांडला. मी पुडी सोडून चिमूटभर भंडारा त्याला वाहिला.

“अहो, वीराला भंडारा वाहतात का?” सौ.नं विचारलं.

“आमच्याकडे वाहतात.”

एवढ्यात दादाचा फोन आला. नैवेद्य झाला का, भरीत कसं झालं, वगैरे. मग म्हणाला, “तिकडे टूथपेस्ट लावू नका बरं त्याला.”

मी म्हटलं, “नाही लावत. पाण्यानंच पुसतो.”

“हं,” दादा म्हणाला. “आणि सध्या कुत्री फार झालीत म्हणतात पुण्यात. जपून राहा.”